दोष मोटारीचा कीं तारेचा?

ठाणें व कल्याण-डोंबिवलीकडील हौशी विद्यार्थी अलीकडे घरींच लहान सीएनसी यंत्रें जुळवितात, ही गोष्ट आम्हांस स्पृहणीय वाटते. परंतु एखादा अक्ष जागींच थरथरूं लागला, कीं नव्या मोटारीकरितां मुंबईचा लॅमिंग्टन रोड गांठावा, हें आम्हांस मान्य नाहीं. चार तारांच्या स्टेपर मोटारींत दोन कॉइल असतात. एकीस वीज न पोंचल्यास मोटार थरथरते, पण फिरत नाहीं. म्हणून प्रथम वीज बंद करावी (चालू विजेंत मोटार सोडविली तर ड्रायव्हरच जळावयाचा!) आणि दोन अक्षांच्या सारख्या मोटारी ड्रायव्हरपाशीं अदलून पाहाव्या. दोष मोटारीबरोबर गेला, तर ती किंवा तिची तार बिघडलेली. जागींच राहिला, तर ड्रायव्हरकडे पाहावें. आमच्या एका डोंबिवलीकर स्नेह्यानें हें न करितां दोन मोटारी आणविल्या. अखेर सांपडली ती स्क्रूखालीं सैल झालेली एक तार.