शेकडा तीन की टक्के बारा?

गावातील सावकार ‘शेकडा ३’ या दराने पैसे देतो आणि बँक १२ टक्क्यांनी. यांतील स्वस्त कर्ज कोणते, असे विचारले तर परीक्षेत टक्केवारीची उदाहरणे बिनचूक सोडविणारा विद्यार्थीही घोटाळण्याचा संभव असतो. तीन हा आकडा बारापेक्षा लहान आहे, एवढेच त्याला दिसते. सावकाराचा दर दरमहा असतो आणि बँकेचा दरसाल, म्हणजे सरळव्याजानेही सावकाराचा दर वर्षाला ३६ टक्के होतो, हे ध्यानात येण्यासाठी आकड्यांपूर्वी त्यांचा आधार पाहण्याची सवय लागावी लागते. शाळेतील गणित ही सवय लावते काय, हा खरा प्रश्न आहे.

एक भाकरी तिघांत वाटली तर चौघांत वाटल्यापेक्षा मोठा तुकडा मिळतो, हे लहान मुलालाही कळते. तेच मूल वर्गात मात्र एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा आहे, असे सांगून मोकळे होते. कारण फळ्यावर त्याला भाकरी दिसत नाही, ४ आणि ३ हे आकडे तेवढे दिसतात. ज्ञान मुलापाशी असते. ते अंश-छेदाशी जोडून देण्याचे काम राहून जाते.

मराठी शाळांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत असत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आली आणि या पाढ्यांचे प्रयोजन ओसरले. ते पाढे परत आणावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांचा बाजाराशी जो सांधा होता, तो मात्र निखळला. अपूर्णांक, दशांश व शेकडेवारी ही तीन निरनिराळी प्रकरणे झाली. पाव म्हणजेच ०.२५ आणि पाव म्हणजेच शेकडा २५, हे एकत्र सांगितले जातेच असे नाही.

हा सांधा पुन्हा जुळविण्यास महागडी साधने लागत नाहीत. एका विषयात २५ पैकी १८ आणि दुसऱ्यात ६० पैकी ४२ गुण मिळाले, तर यश कोठे अधिक? पहिल्यात ७२ टक्के, दुसऱ्यात ७०. दूधसंकलन केंद्रावर एकाने साडेतीन फॅटचे २० किलो दूध घातले, दुसऱ्याने सहा फॅटचे १० किलो. स्निग्धांश कोणाचा जास्त? टक्का दुसऱ्याचा मोठा, पण स्निग्धांश पहिल्याचा ७०० ग्रॅम आणि दुसऱ्याचा ६००. कंपासपेटीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मग किंमत सात टक्क्यांनी उतरावयास हवी काय? मूळ किंमत १०० धरली तर ११२ चे १०५ होतात, म्हणजे उतार सव्वासहा टक्क्यांचाच. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच: हा भाग कशाचा?

यावर शिक्षकांचा आक्षेप असा की, भरलेल्या वर्गात असल्या चर्चेला वेळ कोठून आणावयाचा? शिवाय व्यवहारातील उदाहरणांनी सारे साधत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पाच अष्टमांश मोठा की सात अकरांश, हे भाकरी मोडून कळणार नाही. तेथे छेद समान करून ५५ आणि ५६ अठ्ठ्याऐंशांश यांचीच तुलना करावी लागेल. रीत शिकविलीच पाहिजे. मात्र ती अर्थाच्या मागून यावी. दोन्ही अपूर्णांक अर्ध्याहून मोठे आहेत, हे ज्याने आधी ताडले, त्याचे उत्तर चुकले तरी ते फार भरकटत नाही आणि चूक त्याची त्यालाच सापडते. अर्थावाचून पाठ केलेली रीत परीक्षेनंतर विसरली जाते, आणि पुन्हा शिकविण्यात जाणारा वेळ कोणी हिशेबात धरीत नाही.

शाळा सोडल्यावर बहुतेकांचा बीजगणिताशी संबंध उरत नाही. टक्क्यांशी मात्र जन्मभर राहतो. कर्जाचा कागद, दुकानाची सवलत, मतदानाची आकडेवारी, पगारवाढ, सारे त्याच भाषेत बोलतात. ‘कशाचे टक्के?’ असे विचारण्याचे धैर्य ज्याला शाळेने दिले नाही, त्याची फसवणूक करण्यास खोटे बोलावे लागत नाही. खरा आकडा सांगूनही ते काम होते.