मंजूर झालेला पैसा अडविण्याचा अधिकार कोणाचा?

आमच्या कोळवण खोऱ्यात आषाढ लागला की ओढे भरून वाहू लागतात. भातलावणीची घाई असते, आणि वाटेत साकव नसला की पलीकडच्या वाडीतील माणसास दुधाची किटली डोक्यावर घेऊन पाण्यातून यावे लागते. अशा वाडीस कधी साकव मंजूर झाल्याची वार्ता येते. नारळ फुटतो, खडीचा एक ढीग पडतो, आणि पुढे दोन पावसाळे त्या खडीवर गवत वाढते. चौकशीस जावे तर उत्तर ठरलेले असते : "वरून निधी आला नाही." महसूल खात्यात कारकुनी करीत असता हे उत्तर आम्ही स्वतः किती शेतकऱ्यांस दिले असेल, त्याची गणती नाही. आज त्या खुर्चीवरून उतरल्यावर आमच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. विधानसभेने जो पैसा मंजूर केला तो 'वरच्यांनी' कोणत्या अधिकाराने अडवावा?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदाप्रमाणे खर्चाच्या मागण्या विधानसभेपुढे येतात. सभेने त्या मान्य कराव्या, नाकाराव्या किंवा कमी कराव्या. नंतर २०४ व्या अनुच्छेदाप्रमाणे विनियोजनाचा कायदा होतो. २६६ व्या अनुच्छेदाने असे बजाविले आहे की, कायद्याच्या आधाराखेरीज राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येणार नाही. म्हणजे मंजुरीपेक्षा जास्त खर्च करण्यास सरकारास पक्की मनाई आहे. परंतु मंजुरीपेक्षा कमी केला तर? येथे घटनेचे शब्द मुके आहेत. घराने बियाण्यासाठी चार मण भात काढावयाचे ठरविले व कारभाऱ्याने पाच मण काढले, तर घर त्यास जाब विचारते. पण त्याने एकच मण काढून कोठीस कुलूप लावले आणि तीन खाचरे पडीक राहिली, तर त्याचा जाब विचारण्याची रीत आमच्या कायद्यात नीट लिहिलेली नाही. विनियोजनाचा कायदा खर्चाची परवानगी देतो, खर्चाची सक्ती करीत नाही. सारी मेख येथे आहे.

कारभाऱ्याच्या हाती थोडी मोकळीक असावी, हे आम्हासही मान्य आहे. महसूल आटला, आपत्ती आली, तर हात आखडावा लागतो. करोनाच्या साथीत ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने आदेश काढून त्या वर्षीच्या मंजूर तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी उपलब्ध होईल असे ठरविले. कारण उघड होते व सर्वांस दिसत होते. त्यास मनमानी कोणी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक अडवणुकीस असे कारण असतेच असे नाही.

जून २०२२ च्या अखेरीस राज्यात नवे सरकार आले आणि जुलैत मागील सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांस स्थगिती मिळाली. कोल्हापूर जिल्ह्यातील बेलेवाडी हुबळगी ग्रामपंचायत व इतर गावे मुंबई उच्च न्यायालयात गेली. ती कामे अर्थसंकल्पात आलेली होती. २०२३ साली न्यायालयाने ते स्थगितीचे आदेश रद्द केले; सरकार बदलले एवढेच कारण अशी कामे थांबविण्यास पुरेसे नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होय. एका लहानशा गावाने राज्य सरकारास जाब विचारला व तो मिळविला, ही गोष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीने ध्यानात ठेवावी.

दुसरा दाखला २०१६ च्या दुष्काळाचा. रोजगार हमीच्या तेव्हा लागू असलेल्या केंद्रीय कायद्याखाली मजुरांची मजुरी थकली होती. स्वराज अभियान या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात केंद्र सरकारास आज्ञा केली की, मजुरी वेळेवर मिळेल इतका निधी राज्यांस वेळेवर द्यावा. येथे कायद्यानेच मजुरास हक्क दिला होता. तिजोरीची अडचण त्या हक्काच्या आड येऊ शकली नाही. तात्पर्य हे की, जेथे हक्क कायद्यात लिहिला आहे तेथे पैसा अडविणे कठीण; जेथे केवळ अर्थसंकल्पातील एक ओळ आहे तेथे ते सोपे.

परदेशातही हा तंटा झालेला आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायदेमंडळाने जलशुद्धीसाठी ठरविलेला पैसा अडविला. १९७४ साली तेथे कायदा झाला : मंजूर पैसा रद्द करावयाचा असल्यास अध्यक्षाने सकारण कळवावे, आणि कायदेमंडळाने अधिवेशनाच्या ४५ दिवसांत संमती न दिल्यास तो मोकळा करावा. १९७५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकालही निक्सन यांच्या सरकारविरुद्ध गेला. तरीही २०२५ मध्ये परदेशी मदतीच्या सुमारे ४ अब्ज डॉलरांवरून तोच वाद पुन्हा पेटला, आणि त्या वेळी न्यायालयाने तो पैसा तूर्त रोखून ठेवण्यास मुभा दिली. कायदा झाला म्हणून पहारा संपत नाही.

आमची सूचना अशी आहे. आपल्या राज्यातही नियम व्हावा की, मंजूर काम थांबवावयाचे तर लेखी कारण द्यावे, ते कारण ठरावीक मुदतीत विधानसभेपुढे ठेवावे, आणि सभेने मान्यता न दिल्यास निधी वितरित करावा. कोणी म्हणेल, सभेत बहुमत सरकारचेच. मग उपयोग काय? आम्ही कारकुनीच्या अनुभवाने सांगतो की, तोंडी सांगितलेले "थांबवा" आणि सहीनिशी लिहिलेले "थांबवा" यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लिहावयाची वेळ आली की भल्याभल्यांची लेखणी अडखळते. आणि लिहिलेले कारण न्यायालयास तपासता येते.

तोवर शेतकरी बंधूंनी इतके तरी करावे. गावचे काम मंजूर झाले असे कळताच अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत त्याचे नाव आहे काय ते पाहावे. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व तारीख टिपून घ्यावी. निधी न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो कोणाच्या आदेशाने थांबला ते लेखी विचारावे, आणि उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे. सात-बाऱ्यावरील एक चुकीची नोंद आपण वर्षानुवर्षे झगडून दुरुस्त करून घेतो. मग आपल्याच साऱ्या-करांतून भरलेल्या कोठीच्या कुलपाविषयी आपण मुके का राहावे?