कुत्र्याची जात बिबट्या विचारत नाही

मंडळी, आमच्या जुन्नर-आंबेगावात सध्या दोन जनावरांबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं. एक बिबट्या, आणि दुसरा त्याच्यासाठी म्हणून मुद्दाम विकत आणलेला कुत्रा. बिबट्याबद्दल वर्तमानपत्रं लिहितातच. कुत्र्याबद्दल मात्र जे काही बोललं जातं ते पारावर, चहाच्या टपरीवर आणि हल्ली मोबाईलच्या ग्रुपवर. त्यातलं निम्मंशिम्मं ऐकीव. ऐकीव असायला तशी हरकत नाही. पण त्या ऐकीव गोष्टींवर विसंबून माणसं निर्धास्त व्हायला लागली, तर कुणीतरी बोललं पाहिजे. म्हणून आज हा विषय.

आमच्याकडे बिबट्याला अजूनही 'वाघ'च म्हणतात. तर "वाघाला भिडणारी जात" आणायची, दाराशी साखळीने बांधायची, आणि मग घरातल्यांनी खुशाल झोपायचं, अशी एक समजूत वस्त्यावस्त्यांवर पसरली आहे. कुणी जर्मन शेफर्ड आणतो, कुणी रॉटवायलर, कुणी पिटबुल. हजारो रुपये मोजलेले असतात, त्यामुळे विश्वासही तेवढाच मोठा. ज्याला एवढे पैसे परवडत नाहीत तो गावातच वीस नखांचं पिल्लू शोधतो. टाळू काळा असेल तर अधिकच उत्तम!

या वीस नखांचा हिशेब आधी करून टाकू. कुत्र्याच्या पुढच्या दोन्ही पायांना पाच-पाच नखं असतात, मागच्या पायांना चार-चार. एकूण अठरा. एखाद्या पिल्लाला मागच्या पायांनाही वर एकेक जादा नखी येते, की झाली वीस. ही जादा नखी पुष्कळदा नुसत्या कातड्याला लोंबत असते, आणि कुठे अडकली तर कुत्र्यालाच इजा होते. शौर्याशी तिचा काही संबंध नाही. काळा टाळू हा तर निव्वळ रंगाचा प्रकार. आपण एखाद्याच्या गालावर तीळ आहे म्हणून त्याला पहिलवान ठरवत नाही, तसंच हे.

आता विलायती जातींकडे वळू. आपल्याला वाटतं या जाती अनादिकाळापासून आहेत. तसं नाही. पहिलं मोठं कुत्र्यांचं प्रदर्शन १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला भरलं, आणि कुत्र्यांच्या वंशावळी नोंदवणारा लंडनचा केनेल क्लब १८७३ साली निघाला. आज आपण ज्यांना जातिवंत म्हणतो त्यातल्या बहुतेक जातींना ठरीव रूप आलं ते गेल्या दीड-दोनशे वर्षांत. आणि त्या प्रत्येक जातीमागे काहीतरी काम होतं. ते काम समजून घेतलं की बऱ्याच गैरसमजुती आपोआप गळून पडतात.

अल्सेशियन घ्या. "तो अर्धा लांडगा असतो" हे तुम्हीही ऐकलं असेल. खरं म्हणजे जर्मनीतल्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून निवड करून मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ पासून ही जात घडवली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनी त्याचं बारसं केलं 'अल्सेशियन वुल्फ डॉग'. नावातला लांडगा पुढे काढून टाकला, पण लोकांच्या डोक्यातून तो काही गेला नाही. एका नावाने केवढा गोंधळ होतो पहा.

डॉबरमनबद्दल तर भयकथाच आहे. म्हणे त्याचा मेंदू वाढत जातो, कवटीत मावेनासा होतो आणि मग तो वेडा होऊन मालकावरच उलटतो. याला कसलाही आधार नाही. जर्मनीतल्या आपोल्डा गावी लुई डॉबरमन नावाचे करवसुली करणारे गृहस्थ होते. वसुलीला जाताना सोबत असावी म्हणून त्यांनी ही जात तयार केली. कर मागायला जाणाऱ्याला सोबतीची गरज का पडली असेल, हे मी वेगळं सांगायला नको!

लॅब्राडॉर हा न्यू फाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज. जाळी ओढायला आणि पाण्यातून वस्तू आणून द्यायला मदत करणारा. त्याला माणसं आवडतात. असा कुत्रा राखणीला ठेवून "चोर आला तरी शेपटी हलवतो" अशी तक्रार करणं म्हणजे भजनी बुवांना कुस्तीच्या आखाड्यात उतरवण्यासारखं आहे. आणि पांढरंशुभ्र गोंडस पामेरियन, ते चावत नाही ही समजूतही तितकीच खोटी. लहान कुत्रंही घाबरलं की चावतं. ते लहान म्हणून आपण लक्ष देत नाही, एवढंच.

आपल्या मराठी मुलखातल्या कारवानी कुत्र्यावरही असाच अन्याय होतो. मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात ही जात जोपासली गेली, म्हणून कर्नाटकात तिला मुधोळ म्हणतात. २००५ साली तिच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, आणि २०१६ साली मुधोळची कुत्री प्रशिक्षणासाठी मेरठच्या लष्करी केंद्रात नेण्यात आली. पण ते कुत्रं पाहिलं की लोक म्हणतात, "अहो, याला उपाशी ठेवलंय का?" ती बारीक अंगकाठी, खोल छाती आणि आत गेलेलं पोट हीच त्याची देणगी आहे. ससा दिसला की वाऱ्यासारखं पळावं यासाठी तो घडलेला आहे. जाड केलात तर बिघडेल.

राहता राहिला आपला गावठी. "गावठी म्हणजे भेसळ" असं शिकलेली माणसंही म्हणतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. गावठी कुत्रा हा चार जातींची सरमिसळ होऊन झालेला नाही. माणसाच्या वस्तीच्या कडेला, कुणी मुद्दाम जोड्या न लावता, पिढ्यान् पिढ्या वाढलेला तो जुना कुत्रा आहे. इथल्या उन्हापावसात टिकला तोच पुढे गेला. दत्तगुरूंच्या तसबिरीतली चार कुत्री आठवा. त्यांची वंशावळ आजवर कुणी मागितली नाही.

मग जातीला काही अर्थच नाही का? आहे ना. आकार, केस, पळण्याची ताकद, वास घेण्याची हौस यात जातीचा वाटा नक्की असतो. पण स्वभावाचं काय? २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यात होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यांना आढळलं. बाकीचं त्या त्या कुत्र्याचं स्वतःचं, त्याच्या वाढीचं, आणि अर्थात मालकाचं. 'जात' हा शब्द आपण माणसांना लावून जे अनर्थ करून ठेवले ते पुरेसे नव्हते म्हणून की काय, कुत्र्यालाही त्याच मापाने मोजतो!

आता मूळ मुद्दा. बिबट्यापुढे कोणती जात टिकते? सरळ उत्तर असं की कोणतीच नाही. कारण कुत्रा हा बिबट्याचा शत्रू नसून त्याचं खाद्य आहे.

आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा अभ्यास केला. तो २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव आणि गावातले प्राणी निघाले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के. गंमत अशी की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त होत्या. मग असं का? शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते. कुत्रा बाहेर असतो.

या एका वाक्यात सगळं आलं. बिबट्या जात पाहत नाही, दार पाहतो. जे दाराच्या बाहेर, ते त्याचं.

तेव्हा साखळीला बांधलेला विलायती कुत्रा म्हणजे राखण नव्हे, आमंत्रण आहे. मोकळा गावठी निदान भुंकत घरात तरी शिरतो. बांधलेल्याला तेही करता येत नाही. सकाळी नुसती साखळी आणि पट्टा राहिल्याच्या हकिगती आमच्याकडे गावोगाव ऐकू येतात. त्या कुत्र्यांच्या जाती वेगवेगळ्या होत्या, शेवट मात्र एकच.

यावर कुणी म्हणेल, "मग मेंढपाळांची कुत्री कशी राहतात?" प्रश्न चांगला आहे. पण तो वाडा एकदा नीट पहा. तिथे कुत्रा एकटा नसतो, चार-पाच असतात. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या मान धरतो हे मेंढपाळाला पक्कं ठाऊक आहे. शेकोटी असते. आणि मुख्य म्हणजे शेजारी जागी माणसं असतात. कुत्र्याने फक्त सांगायचं, उठायचं माणसांनी. मेंढपाळ कुत्र्यावर राखण सोपवून आत जाऊन झोपत नाही. आपण नेमकं तेच करायला निघालो आहोत.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात महिनाभराच्या आत बिबट्याने तीन बळी घेतले. त्यात दोन लेकरं होती. त्यानंतर तिथली माणसं शेतात जाताना स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली. मेंढपाळाच्या कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला! याहून जास्त मी काय लिहू?

कुकडी आणि घोडच्या पाण्याने आमच्याकडे ऊस आला, उसाने समृद्धी आली, आणि त्याच उसात बिबट्यालाही घर मिळालं. तो आता जाणार नाही. पकडलेल्यांपैकी किती जण माणिकडोहच्या निवारा केंद्रात मावणार? तेव्हा निदान आपल्या हातातलं तरी करावं. कुत्रा पाळायचाच तर शेळीसारखा त्यालाही रात्री बंदिस्त, वरूनही जाळी असलेल्या जागेत ठेवावा. तिथूनही तो भुंकतो, आणि त्याचं काम तेवढंच आहे. अंगणात दिवा असावा. संध्याकाळनंतर लहान मुलाला "कुत्रा आहे ना सोबत" म्हणून एकटं बाहेर सोडू नये. कुत्रा सोबत असणं हेच उलट धोक्याचं ठरू शकतं. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आणि हॉटेलचं खरकटं ओढ्याकाठी टाकणं थांबवावं. त्यावर कुत्री जगतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

जाता जाता आणखी एक समजूत, आणि ही तर जीवघेणी आहे. "जातिवंत कुत्रा पिसाळत नाही, पिसाळतो तो गावठी." घरचा विलायती कुत्रा किंवा त्याचं पिल्लू चावलं तर लोक हळद-चुना लावून गप्प बसतात. रेबीजला जात कळत नाही. लस न दिलेलं कुठलंही कुत्रं, पिल्लूसुद्धा, तो रोग देऊ शकतं, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावलं किंवा ओरखडलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमच्या पिढीच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती बसली आहे. ती लस आपल्या देशात वापरातून जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आता इंजेक्शनं दंडावर आणि मोजकीच असतात. जखमेतून रक्त आलं असेल तर जोडीला सीरमही लागतं, ते डॉक्टरांना विचारा. आणि कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्या, मग तो हजारोंचा असो की उकिरड्यावरून उचललेला.

कुत्र्यावर प्रेम करा, जरूर करा. पण त्याच्या कागदावरची जात वाचून आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधू नका. त्याला ती पेलणारी नाही, आणि किंमत कधी तो मोजतो, कधी आपलं लेकरू.

असो. तुमच्याकडे कुत्र्यांबद्दल आणखी काय काय समजुती आहेत, ते जरूर कळवा.