ध्वनिफितीतील पाठभेद : बॉब डिलनच्या मैफली आणि त्यांचे श्रोते

साहित्याच्या अभ्यासकापुढे ‘संहिता’ हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे लिहिलेले वा छापलेले पान उभे राहते. गायिलेल्या काव्याचा विचार करतानाही ही सवय सुटत नाही. गीत आधी कागदावर उतरवून घ्यावयाचे आणि मग त्याची चिकित्सा करावयाची, असा क्रम गृहीत धरलेला असतो. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी बॉब डिलन या अमेरिकन गायक-कवीला साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा जगभर जो वाद माजला तो या सवयीचाच परिणाम होता. ‘गीत हे साहित्य आहे काय?’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याआधी विचारावयास हवा असलेला प्रश्न बहुधा कोणी विचारला नाही. डिलनचे गीत म्हणजे नेमके कोणते गीत? १९६५ साली ध्वनिमुद्रिकेवर गायिलेले, की १९६६ साली मँचेस्टरच्या सभागृहात गायिलेले, की त्याच शब्दांना वेगळी चाल, वेगळी गती आणि कित्येकदा वेगळे शब्दही देऊन पुढे शेकडो वेळा गायिलेले?

या प्रश्नाची जाण विद्यापीठांच्या कितीतरी आधी एका वेगळ्याच वर्गाला झाली होती. हा वर्ग म्हणजे डिलनच्या जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे जमवणारे, ती तारीखवार लावणारे आणि पुन्हा पुन्हा ऐकणारे त्याचे चाहते. या वर्गाकडे छांदिष्टांचा मेळा म्हणून पाहण्याची रीत आहे. ती रीत अन्यायाची आहे आणि साहित्याभ्यासाच्या दृष्टीने तोट्याचीही आहे.

चाहत्यांच्या या उद्योगाचा आरंभ सामान्यतः १९६९ पासून धरतात. त्या वर्षी लॉस एंजलिस येथे ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ओळखली जाणारी एक चोरटी ध्वनिमुद्रिका विक्रीस आली. तिच्यात डिलनची १९६१ ची आणि १९६७ ची अप्रकाशित गाणी होती. कायद्याच्या दृष्टीने हा सरळसरळ गुन्हा होता आणि विक्रेत्यांचा हेतू पैसा हाच होता, यात संशय नाही. परंतु तिच्या पाठोपाठ जे घडले ते निव्वळ चोरटा व्यापार नव्हते. मैफलीत लपवून नेलेल्या यंत्रांवर केलेल्या फिती टपालाने हस्ते-परहस्ते फिरू लागल्या. त्यांची देवघेव पुष्कळदा पैशाविना, फितीला फीत अशी होई. १९८१ साली इंग्लंडात ‘द टेलिग्राफ’ हे केवळ डिलनला वाहिलेले नियतकालिक निघाले. मैफलींच्या आणि ध्वनिमुद्रणांच्या तारीखवार सूच्या तयार झाल्या. कोणती फीत कोणत्या फितीवरून उतरवली आहे, कोठे तुटली आहे, कोणत्या गावची म्हणून चुकीने ओळखली जाते, याची काटेकोर नोंद ठेवली जाऊ लागली. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे काम परके वाटू नये. प्रतींची वंशावळ लावणे, लेखनिकाचे दोष ओळखणे, स्थलकाल निश्चित करणे या पाठचिकित्सेच्या प्राथमिक पायऱ्याच होत.

या पायऱ्या किती आवश्यक होत्या याचे ठळक उदाहरण १९६६ च्या एका मैफलीचे आहे. त्या वर्षीच्या इंग्लंडच्या दौऱ्यातील एक फीत १९७० च्या सुमारापासून ‘रॉयल अल्बर्ट हॉलची मैफल’ या नावाने फिरत होती. वस्तुतः ती लंडनची नव्हे, १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेल्या मैफलीची होती. १९९८ साली कोलंबिया कंपनीने ती अधिकृतपणे प्रसिद्ध केली, तेव्हा शीर्षकात ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हे चुकीचे नाव अवतरणचिन्हांत तसेच ठेवले. चुकीची परंपराही परंपरेचाच भाग असते, हे व्यापारी कंपनीलाही मान्य करावे लागले.

त्या मैफलीचा पूर्वार्ध डिलनने एकट्याने साधी गिटार व माउथ ऑर्गन घेऊन गायिला आणि श्रोत्यांनी तो शांतपणे ऐकला. उत्तरार्धात तो विजेवरची गिटार घेऊन वाद्यवृंदासह उभा राहिला. लोकगीतांच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या श्रोत्यांना हा विश्वासघात वाटला. त्यांनी गाण्यांच्या मधल्या अवकाशात एका लयीत संथ टाळ्या वाजवून अडथळा आणला आणि अखेरच्या गाण्याआधी एकाने ‘ज्यूडास’ अशी आरोळी ठोकली. त्यावर डिलनने दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे : आपला तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटे बोलतोस. या प्रसंगाची दंतकथा झाली असून ती सर्वत्र सांगितली जाते. पण जो श्रोता ही मैफल पहिल्यापासून शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकतो त्याला दंतकथेत नसलेली एक गोष्ट कळते. उत्तराचे पहिले वाक्य हे डिलनच्याच एका जुन्या प्रेमगीताचे नाव आहे आणि ते गीत त्याने त्याच उत्तरार्धात, थोड्याच वेळापूर्वी, नव्या आवेशात गायिले होते. प्रियकराने प्रेयसीला उद्देशून म्हटलेले वाक्य येथे कवी आपल्या श्रोत्याला उद्देशून म्हणतो. हे योजून झाले असेल वा नकळत. पण हा अर्थ छापील गीतसंग्रहात नाही, स्टुडिओतील मुद्रिकेतही नाही. तो त्या एका संध्याकाळच्या संहितेत आहे, आणि त्या संहितेत ओरडणारा श्रोताही समाविष्ट आहे.

दुसरे उदाहरण शब्दांच्या पाठभेदाचे आहे. ‘टँगल्ड अप इन ब्लू’ हे गीत डिलनने सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे मुद्रित केले आणि डिसेंबरमध्ये मिनिॲपोलिस येथे पुन्हा मुद्रित केले. जानेवारी १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेत दुसरा पाठ गेला. न्यूयॉर्कच्या पाठात आरंभीचा नायक ‘तो’ आहे, मिनिॲपोलिसच्या पाठात ‘मी’. एका सर्वनामाच्या बदलाने कथन आत्मकथनाच्या जवळ सरकते आणि गीतातील काळाची सरमिसळ स्मरणाची सरमिसळ बनते. ७ जुलै १९८४ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याने हेच गीत केवळ गिटार व माउथ ऑर्गनवर गायिले, तेव्हा त्यातील बहुतेक कडवी नव्याने रचलेली होती. १९८५ साली त्याने हा नंतरचा पाठ आपल्या मूळ कल्पनेच्या अधिक जवळचा असल्याचे सूचित केले. लेखकाची अंतिम इच्छा प्रमाण मानणाऱ्या संपादकाने येथे समाधानाचा निःश्वास टाकावा, तोच असे दिसते की त्यानंतरच्या दशकांतही डिलनने या गीताचे शब्द पुन्हा पुन्हा बदलले. अंतिम पाठ येथे संभवतच नाही.

या ठिकाणी पाठचिकित्सेच्या दोन दृष्टींतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हा भारतीय पाठचिकित्सेचा मानदंड होय. विष्णु सीताराम सुखटणकरांनी या कार्याला जी शिस्त लावली तिचे उद्दिष्ट उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे गाठता येईल तितक्या प्राचीन पाठापर्यंत जाणे हे होते; उरलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत गेले. जेथे मूळ वक्ता हाती नाही, केवळ प्रती हाती आहेत, तेथे हा मार्ग योग्यच होता. याउलट मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील वीरगीते गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे केली. त्यांच्या आधारे लॉर्डने १९६० च्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की मौखिक परंपरेत प्रत्येक गायन हेच मूळ असते. ‘मूळ आणि त्याचे विकार’ ही कल्पनाच तेथे लागू पडत नाही. डिलन हा निरक्षर गायक नव्हे; तो लिहितो, खोडतो, छापतो. तरीही सादरीकरणापुरता तो या दुसऱ्या परंपरेच्या बाजूला उभा आहे. त्याचे चाहते आदिपाठ शोधत नाहीत. ते दोन रात्रींमधील फरक शोधतात. यातच त्यांच्या श्रवणाचे शास्त्रीय मोल आहे.

अशा श्रवणाने वाङ्मयीन निवाडे बदलतात. १९७९ साली डिलनने ख्रिस्ती भक्तीची गाणी गावयास आरंभ केला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून काही महिने त्याने मैफलींत एकही जुने गीत गायिले नाही. श्रोते रुष्ट झाले, आणि समीक्षकांनी हा कालखंड ऱ्हासाचा म्हणून बाजूला टाकला. हा निवाडा मुख्यतः स्टुडिओतील मुद्रिकांवर आणि कवीच्या नव्या श्रद्धेविषयीच्या नाराजीवर आधारलेला होता. मैफलींच्या फिती जपणारे मात्र प्रथमपासून सांगत होते की हीच गाणी रंगमंचावर वेगळी आहेत, स्त्रीगायिकांच्या साथीने ती प्रवचनातून प्रार्थनेकडे जातात. २०१७ साली १९७९ ते १९८१ या काळातील मैफलींचा अधिकृत संच निघाला, तेव्हा अनेक समीक्षकांना आपले जुने मत तपासून पाहावे लागले. दुर्लक्षित पोथी उजेडात आल्यावर एखाद्या संतकवीचे स्थान बदलावे तसेच हे झाले. फरक इतकाच की ही पोथी सामान्य श्रोत्यांच्या घरांत तोवर सुरक्षित होती.

असे असले तरी या उद्योगाची भलावण डोळे मिटून करता येणार नाही. त्यात संपूर्णतेचा हव्यास आहे. १९६६ च्या मैफलींचा २०१६ मध्ये निघालेला संच ३६ तबकड्यांचा आहे, १९७४ च्या दौऱ्याचा २०२४ मधील संच २७ तबकड्यांचा. एवढे जवळ बाळगणारा सर्वच ऐकतो असे नाही; आणि ऐकणारा प्रत्येक जण तुलना करतो असेही नाही. अवशेषांची पूजा आणि अवशेषांचा अभ्यास या दोन गोष्टी भिन्न आहेत.

शिवाय कोणता ठेवा केव्हा उघडावयाचा हे ज्ञानाच्या गरजेने ठरत नाही. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणांच्या स्वामित्वहक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांपर्यंत वाढवली. परंतु पहिल्या ५० वर्षांत जे प्रसिद्धच झाले नाही त्याला या वाढीचा लाभ मिळत नाही. त्यामुळे २०१२ च्या अखेरीस डिलनच्या जुन्या मुद्रणांचा एक संच अवघ्या सुमारे १०० प्रतींत काढण्यात आला. तो ऐकवण्यासाठी नव्हता, हक्क टिकवण्यासाठी होता. १९६६ आणि २०१६, १९७४ आणि २०२४ या जोड्यांतील ५० वर्षांचे अंतर पाहिले म्हणजे या उदारतेमागील हिशेबही ध्यानात येतो.

तिसरी मर्यादा खुद्द फितीची आहे. ध्वनिक्षेपण यंत्रातून थेट घेतलेल्या मुद्रणात गायकाचा श्वासही ऐकू येतो, पण सभागृह जवळजवळ नाहीसे होते. श्रोत्याच्या खिशातील यंत्र सभागृह टिपते, पण शब्द हरवते. पहिले ऐकून ‘श्रोते थंड होते’ असे म्हणणे आणि दुसरे ऐकून ‘उच्चार अस्पष्ट होता’ असे म्हणणे या सारख्याच चुका आहेत. ध्वनिमुद्रण हीसुद्धा एक प्रत आहे आणि प्रत करणारा, मग तो माणूस असो वा यंत्र, काहीतरी वगळतोच. ही जाणीव नसेल तर फीत म्हणजेच मैफल असा भ्रम होतो. छापील पान म्हणजेच गीत, या जुन्या भ्रमाची जागा मग तो नवा भ्रम घेतो.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना या प्रश्नाचे दुसरे टोक परिचित आहे. गीतकार म्हणूनही थोर असलेला कवी नोबेल पारितोषिकाचा मानकरी होण्याची घटना १९१३ सालीच घडली होती. रवीन्द्रनाथांची दोन हजारांहून अधिक गीते आहेत. गायकाने आपल्या सुरांत मनमानी बदल करू नयेत असा त्यांचा आग्रह असे. स्वरलिपीने ती गीते बांधली गेली आणि २००१ च्या अखेरीस स्वामित्वहक्क संपेपर्यंत विश्वभारतीच्या संगीत मंडळाची त्यांच्या ध्वनिमुद्रणांवर देखरेख होती. देवव्रत विश्वास यांच्यासारखा लोकप्रिय गायक या मंडळाच्या आक्षेपांमुळे अखेर ध्वनिमुद्रणापासून दूर राहिला. येथे कवीने व त्याच्या वारसांनी एक पाठ राखला; तेथे कवीनेच आपला प्रत्येक पाठ मोडला. तरीही रवीन्द्रसंगीताच्या रसिकाला एकच गीत दोन गायकांच्या गळ्यांत दोन अर्थ घेऊन येते हे ठाऊक असते. स्वरलिपी सूर बांधते; उच्चार, विराम आणि श्वास तिच्या हाती लागत नाहीत.

डिलनच्या डिसेंबर १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याच्या शेजारी बंगालचे पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे दोन बाउल गायक उभे आहेत. ते छायाचित्र मैत्रीचे आहे, त्यातून प्रभावाचा सिद्धान्त काढण्याचे कारण नाही. पण त्याने एक प्रश्न मात्र उपस्थित होतो. त्या चित्रातील अमेरिकन गायकाने कोणत्या रात्री कोणते कडवे बदलले याची तारीखवार नोंद श्रोत्यांनी केलेली आहे. बाउलांच्या, कीर्तनकारांच्या, शाहिरांच्या गीतांचे छापील संग्रह मात्र पुष्कळदा शब्द देतात आणि ते कोणी, कोठे, केव्हा, कोणापुढे गायिले हे सांगत नाहीत. अशा संग्रहावर आधारलेला प्रबंध पाठभेदाची चर्चा करतो, तेव्हा तो दोन छापील पानांची तुलना करीत असतो, दोन गायनांची नव्हे.

क्रिस्टोफर रिक्स यांच्या संपादनाने २०१४ साली डिलनच्या गीतांची जी मोठी आवृत्ती निघाली तिच्यात गायनातील शब्दभेद नोंदवले आहेत, ही स्वागतार्ह सुरुवात होय. पण शब्दभेद हा पाठभेदाचा एक प्रकार झाला. लय, आघात, मौन आणि श्रोत्यांचा प्रतिसाद यांचे भेद नोंदवण्याची परिभाषा अद्याप घडावयाची आहे. ती घडवण्याचे काम विद्यापीठांचे आहे आणि त्यासाठी लागणारी सामग्री विद्यापीठांबाहेरच्या लोकांनी पदरमोड करून राखलेली आहे. गेय काव्यावरील प्रबंधात ध्वनिमुद्रणाला परिशिष्टातून काढून आधारसामग्रीत स्थान द्यावे, प्रत्येक अवतरणासोबत गायनाची तारीख व स्थळ देणे बंधनकारक करावे, आणि खाजगी संग्राहकांच्या सूच्यांना हस्तलिखितांच्या सूच्यांइतकाच मान द्यावा, एवढे तीन नियम मान्य झाले तरी पुष्कळ साधेल. गायक वृद्ध होतात, फिती त्याहून लवकर झिजतात. नियमांची वाट पाहण्याइतका अवधी त्यांच्यापाशी नसतो.