ओळख नाही म्हणून भेद?



दरवर्षी एप्रिलात सामाजिक समता सप्ताह येतो. शाळा-कॉलेजांत व्याख्याने होतात, शपथा होतात. आमचा त्यास विरोध नाही. परंतु बहुतेक वक्ते एक गोष्ट गृहीत धरून बोलतात : माणसे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून भेद पाळतात; ती शिकली, एका पंगतीत जेवली की भेद आपोआप जाईल. हे खरे आहे काय?

आमच्या मराठवाड्यात कोण कोणाला ओळखत नव्हते? ज्यांच्या शेतात आपले आजे-पणजे राबले, त्यांना आपल्या घरातल्या लेकराबाळांची नावेसुद्धा पाठ होती. तरी २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपली घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. नामांतराच्या विरोधकांत विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. मग शिक्षणाने काय केले? नाव मिळाले ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून.

आजही लातूरला मुलाच्या क्लाससाठी खोली पाहायला गेलेल्या बापाला विचारून पाहा. घरमालक शिकलेला, बोलणे गोड. पण आडनाव कळताच खोली 'कालच दिलेली' असते.

भेद हा नुसता गैरसमज नाही. त्यात कोणाला स्वस्त मजूर मिळतो, कोणाला फुकटचा मान मिळतो. शपथ घेऊन असा फायदा कोण सोडील? बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त बजावले होते, की सहभोजनाने जात जात नाही. तिचे मूळ शास्त्रांवरील श्रद्धेत आहे. महाडचे तळे नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाने कागदावर खुले झाले होते. पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्यासाठी आपल्या माणसांना मार खावा लागला.

म्हणून मुले शाळेतून आली की शपथ काय घेतली, एवढेच विचारू नका. वर्ग कोण झाडतो, कोण कोणाशेजारी बसतो, हेही विचारा. आणि आपल्या वस्तीत मातंग बांधव खोली मागायला आला तर आपण काय उत्तर देतो, तेही मुलांच्या देखत सांगा. समतेचा खरा धडा तोच.

जय भीम! नमो बुद्धाय!