आहाराचा सल्ला कोठे थांबावा?

बेंगळुरूच्या लालबागेत सकाळी भेटणारे माझे एक स्नेही मध्यंतरी घेरी येऊन पडले. ते मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. एका आहारसल्लागाराच्या सांगण्यावरून त्यांनी भात जवळजवळ सोडला. इन्सुलिनची मात्रा मात्र तीच राहिली आणि रक्तातील साखर एकाएकी घसरली. ‘आधी डॉक्टरांना विचारा’ एवढे एकच वाक्य सल्लागाराकडून राहून गेले होते. दुसरीकडे, डॉक्टरांनीही ‘गोड टाळा’ यापलीकडे काही सांगितले नव्हते आणि कोणा आहारतज्ज्ञाकडे पाठवलेही नव्हते.

ही केवळ दोन व्यक्तींची चूक नव्हे. डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1912 मध्ये झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास, 1947 मध्ये परिचारिकांसाठी आणि 1948 मध्ये औषधनिर्मात्यांसाठी कायदे आले. आहारतज्ज्ञांना मात्र 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यापर्यंत थांबावे लागले. तोवर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा होती. पण ती देणे ऐच्छिक होते. नव्या कायद्यानुसार राज्यांनी परिषदा स्थापायच्या होत्या. ते काम इतके रेंगाळले की ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली.

परंतु सल्ला कोणी द्यावा, हे नोंदवहीने ठरले तरी तो कोठे थांबावा, हे ठरत नाही. शहाळ्याचे पाणी निरोगी माणसाला हितकर असते. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णाला त्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते. वॉरफेरिन घेणाऱ्याने पालेभाज्या एकदम वाढवल्यास औषधाचा परिणाम मंदावतो. अशा वेळी रुग्णाला योग्य व्यक्तीकडे पाठवणे, हा सल्लागाराचा कमीपणा नसून त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे.

म्हणून परिषदांनी आचारसंहितेत तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कोणत्या आजारांत आणि कोणत्या औषधांबाबत डॉक्टरांशी विचारविनिमय अनिवार्य आहे; रुग्ण पाठवताना लेखी टिपण कसे द्यावे; आणि रुग्ण पाठवण्याबद्दल किंवा पूरक पावडरींच्या विक्रीवर दलाली घेऊ नये. डॉक्टरांना अशी दलाली 2002 च्या आचारविनियमांनीच निषिद्ध केली आहे. डॉक्टरांनीही रुग्णाला वेळीच आहारतज्ज्ञाकडे पाठवावे, अशी अपेक्षा त्यांच्या नियमांत असावी.

प्रशासनात मी एक गोष्ट वारंवार पाहिली: दोन खात्यांच्या सीमेवरची फाइल कोणाचीच नसते. रुग्णाची तशी गत होऊ नये.