अर्धा सूत

गेल्या रविवारी भंडारा डोंगराच्या चढावर माझी चेन घसरायला लागली. तुटली नाही, उतरली नाही. जोर लावला की 'कट्' करून एक दात पुढे सरकायची आणि पाय हवेत जायचा. तळवड्यावरून देहू आणि तिथून डोंगर हा माझा ठरलेला रस्ता. चारदा पाय निसटल्यावर मी मुकाट्याने उतरलो आणि सायकल ढकलत वर नेली. अंगात चकचकीत जर्सी, डोक्यावर नवं हेल्मेट, हँडलवर जीपीएसवालं मीटर, आणि गडी पायी! दर्शनाला आलेल्या एका आजींनी विचारलंसुद्धा, "पंक्चर झाली का रे बाळा?"

घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर होते, आणि बरीच वर्षं कामावर सायकलनेच गेले. (नातेवाईक मंडळींना हे तोंडपाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतोय.) त्यांनी कपाटातून बारा इंची स्टीलची पट्टी काढली आणि विचारलं, "पिच किती चेनची?"

मला सांगता येईना. मग त्यांनीच सांगितलं, अर्धा इंच. त्यांच्या जुन्या ॲटलसच्या चेनची पिच अर्धा इंच आणि माझ्या दहा गिअरवालीचीही अर्धाच, फक्त माझी रुंदीला बारीक. म्हणजे एका पिनेवर पट्टीचा शून्य धरला तर पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. चेन 'लांबते' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि त्या जिथे फिरतात ती जागा झिजते आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढील जमा होते.

माझी चोविसावी पिन बाराच्या बरीच पुढे होती.

"एक सूत," अण्णा म्हणाले.

ज्यांचा वर्कशॉपशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चेन अर्धा सूत वाढली की बदलायची, मग मागची कॅसेट वाचते. एक सूत होईपर्यंत थांबलं की त्या वाढलेल्या चेनने कॅसेटचे दातही आपल्या मापाने खाल्लेले असतात. मग नवी चेन जुन्या दातांवर बसत नाही, घसरते. थोडक्यात, नुसत्या चेनवर भागणारं काम आता चेन अधिक कॅसेटवर गेलं.

"मीटरवर किलोमीटर किती झालेत?"

"साडेसहा हजार."

"मग मीटर बघायला घेतलंस की दाखवायला?"

यावर मी काय बोलणार!

त्या रात्री बसून दोन वर्षांच्या खरेदीचा हिशेब मांडला. तीन जर्सी. दोन गॉगल. ते मीटर. पायाला क्लिप होणारी पॅडल आणि त्यांचे बूट. मूळची चांगली सीट काढून बसवलेली हलकी सीट, वजनात फरक पावभर. (माझं स्वतःचं वजन त्याच काळात चार किलो वाढलं, ते सोडा.) आणि पुढच्या महिन्यात घ्यायची म्हणून ठरवून ठेवलेली कार्बनची चाकं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून प्रत्येक गोष्ट मला 'आता स्वस्तच आहे की' अशी दिसायला लागली होती. या यादीत चेन नाही, ब्रेकची रबरं नाहीत, पंक्चरचं सामानसुद्धा नाही. तेही भोसरी-चाकण पट्ट्यात राहून, जिथे लेथवरून निघालेला लोखंडी कीस रस्त्यावर सांडतो आणि टायरमधून थेट ट्यूबपर्यंत पोचतो.

हौस वाईट असं मी म्हणत नाही हं. पॅडवाल्या चड्डीची बाजू मी आजही घेईन. ती पहिल्यांदा दोरीवर वाळत घातली तेव्हा आईने "हे काय बाई नवीन?" म्हणून नाक मुरडलं होतं, पण पन्नास किलोमीटरनंतर माणसाला बसता येतं ते तिच्यामुळेच. हातमोजेही तसेच. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

आणि त्या क्रमाबद्दलची दुसरी गोष्ट सांगायला मला जरा जड जातंय.

मी नोकरीला चाकणला आहे. रविवारी हौसेने पन्नास किलोमीटर मारणारा मी सोमवारी कामावर मात्र कार काढून जातो. नाशिक रस्त्यावरची अवजड वाहनं बघता घरच्यांचीही तीच इच्छा. तर मागच्या महिन्यात दुसऱ्या शिफ्टनंतर परत येताना कुरुळीच्या अलीकडे समोरून ट्रेलरचा झोत डोळ्यांवर आला. तो गेला आणि माझ्या बॉनेटसमोर एक काळी सायकल. मागे दिवा नाही, मडगार्डवर रिफ्लेक्टर नाही. कचकन ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं. हँडलला डब्याची पिशवी लटकलेली, अंगात कंपनीचा गणवेश. तोच म्हणाला, "कुछ नहीं साब, जाइए."

आणि मी गेलो.

माझा मागचा लाल लुकलुकणारा दिवा त्या वेळी डिकीतल्या सायकलच्या पिशवीत होता. पूर्ण चार्ज केलेला. हे मला आठवलं ते मोशीत, घराच्या खाली गाडी लावताना.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांच्या वेळी दिवा नसला की पोलीस अडवायचे, म्हणून झक मारत डायनॅमो नीट ठेवावा लागायचा. एवढंच बोलले.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आपण सायकलवाले म्हणवून घेतो, पण या पट्ट्यात रोज, पोटासाठी सायकल चालवतो तो माणूस वेगळाच आहे, आणि त्याच्याकडे नेमकं तेच नाही जे माझ्या डिकीत पडून असतं. माझ्याकडे वस्तू भरपूर, पण फोटोत दिसणाऱ्या आधी आणि जीव वाचवणाऱ्या नंतर. चेन काय आणि दिवा काय, दोन्ही माझ्या मागच्या बाजूला. मला दिसत नाहीत म्हणून राहून गेले.

तर माझा नवा क्रम असा. आधी थांबवणारं: ब्रेकची रबरं आणि केबल. मग दिसवणारं: पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टर. मग झिजणारं आणि ते दुरुस्त करणारं: चेन, टायर, ट्यूब, पंप, ॲलन कीचा संच. (ट्यूब घेताना वॉल्व तपासा. मी एकदा चुकीच्या वॉल्वची आणली आहे, रिमच्या भोकातून जाईचना.) मग अंगाला लागणारं: चड्डी, हातमोजे. हेल्मेट यात धरलं नाही, कारण त्याशिवाय निघायचंच नाही. आणि मिरवायचं ते सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

कार्बनची चाकं तूर्त रद्द. चेन आणि कॅसेट आणली. अण्णांनी शेजारी बसून माझ्याकडूनच बसवून घेतली, पाना एकदाही हातात घेतला नाही. सेलवर चालणारे पाच साधे मागचे दिवे आणून कारमध्ये ठेवलेत. दोन दिले गेले. एकाने पैसे विचारले, दुसऱ्याला आधी वाटलं मी काहीतरी विकतोय. कुरुळीचा तो माणूस मात्र पुन्हा दिसला नाही. त्या वेळी रस्त्यावर माझी नजर असते.

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांची सायकल गॅलरीत उभी आहे त्यांनी आज एक काम करा. घरात कुठलीही बारा इंची पट्टी असेल, मुलांच्या कंपासमधली सहा इंची नको. चेनला लावून बघा. अर्धा सूत असेल तर अजून वेळ गेलेली नाही.